तुम्ही विचारलंत म्हणून: किती वॅटचा साउंड घेऊ?

गणपती महिन्यावर आले की इंदूरच्या हौशी-निमहौशी ग्रुपांकडून ठरलेला प्रश्न येतो. "दादा, आम्ही पाच जण. दोन गायक, कीबोर्ड, तबला-ढोलकी, गिटार. दर वेळी भाड्याचा साउंड परवडत नाही. स्वतःचा किती वॅटचा घेऊ?"

मी आधी विचारतो, शेवटची खुर्ची किती लांब आहे? लोकमान्य नगरातल्या एखाद्या सोसायटीच्या अंगणात ती ४०-५० फुटांवर असते, बायपासच्या मॅरेज गार्डनमध्ये १०० फुटांच्या पुढे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. १ मीटरपासून १६ मीटरपर्यंत अंतर चारदा दुप्पट होतं, म्हणजे २४ डेसिबल वाटेतच गेले. वॅट दुप्पट केले तर मात्र फक्त ३ डेसिबल मिळतात. ५००च्या जागी १००० वॅट घेतलेत तर कानाला जेमतेम फरक कळेल, खिशाला चांगलाच कळेल.

त्यात खोक्यावरचे २००० वॅट बहुधा 'पीक' असतात. सलग चालणारी ताकद बऱ्याचदा त्याच्या पाव हिश्श्याइतकीच. म्हणून माहितीपत्रकात 'मॅक्झिमम एसपीएल' बघा, म्हणजे १ मीटरवर स्पीकर देऊ शकतो तो सर्वांत मोठा आवाज. समजा १२६ डेसिबल लिहिलंय. १६ मीटरवर उरले १०२, तेही ठोक्याच्या टोकाला. गाण्याची सरासरी त्याहून १०-१२ डेसिबल खाली, म्हणजे ९०च्या आसपास. दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला हे पुरून उरतं.

तेव्हा अशा ग्रुपला माझं उत्तर: १२ इंची दोन अ‍ॅक्टिव्ह (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर, दोन मजबूत स्टँड. १५ इंचीत बेस जास्त मिळतो, पण गायकाचा आवाज १२ इंचीत जास्त मोकळा लागतो असं माझं मत आहे, आणि माणसं शब्द ऐकायला आलेली असतात. स्टँड इतका उंच करा की स्पीकरचं हॉर्न (बारीक, वरच्या पट्टीचा आवाज फेकणारा भाग) डोक्यांच्या वर राहील. टेबलावर ठेवलेल्या स्पीकरचा वरचा आवाज पहिल्या दोन रांगाच खाऊन टाकतात. मागच्यांना नुसता घुमारा जातो आणि मग कुणीतरी येऊन सांगतं, "आवाज वाढवा".

मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरवर पॅसिव्ह (आत अँप्लिफायर नसलेले) डबे चालवणार असाल तर मागचे टर्मिनल नीट वाचा. १०० व्होल्टची लाइन भोंग्यांसाठी असते. त्यावर ८ ओहमचा डबा थेट जोडू नका. आणि स्पीकरला गिटारची केबल नको, ती तापते. २० मीटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची जोडतार घ्या.

आता शिट्टी. साउंड खराब आहे असं ज्याला लोक म्हणतात ते निम्म्या वेळा फीडबॅकच (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) असतं, आणि ते महागड्या स्पीकरने जात नाही. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ माइक उघडे असतील आणि चार बंद करता आले, तर फुकटात तेवढे मिळाले जेवढे वॅट दुप्पट करून मिळाले असते. गायकाने माइक चार इंचांवरून दोन इंचांवर आणला तर ६. म्हणजे चौपट वॅट!

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा ते माइकवर ठरतं. शुअरच्या एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक थेट पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर, माइकच्या नेमका पाठीमागे. बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा तिरपी, पाठीपासून ५०-५५ अंशांवर. तिथे सरकवा. आणि गायकाला सांगा, माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मागच्या फटी झाकल्या की माइक सगळीकडून ऐकू लागतो आणि लगेच ओरडतो. स्टेजवर 'स्टायलिश' दिसायला म्हणून हे हमखास होतं.

मिक्सरवर (सगळे माइक आणि वाद्यं जिथे एकत्र येतात) दोन्ही गायकांच्या चॅनलवर लो-कटचं, म्हणजे खालची घरघर कापणारं, बटण दाबा, ८०-१०० हर्ट्झचं. डग्ग्याच्या माइकवर दाबू नका, नाहीतर डग्गा पत्र्यासारखा वाजेल. शिट्टी येते ती फ्रिक्वेन्सी सापडली की ३ ते ६ डेसिबल अरुंद कापा. पाच-सहा जागा कापाव्या लागत असतील तर मांडणी चुकली आहे, इक्वलायझर नाही.

विजेच्या बाबतीत हलगर्जी नको. कीबोर्ड एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर, मग अर्थचा फेरा तयार होतो आणि 'हूं' सुरू होतं. सगळं एकाच बोर्डवरून घ्या, कीबोर्डला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवणारी डबी) लावा, त्याचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीतला अर्थचा जोड तोडणारं बटण) दाबून बघा. हूं जावा म्हणून प्लगची अर्थ पिन मोडायची नाही. गिटारच्या तारेवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी जीव जाऊ शकतो. डेकोरेशनच्या लाइटांची फेज वेगळी मागा. जनरेटर असेल तर प्लग घालण्याआधी मल्टिमीटर लावा. आकडा २०० व्होल्टच्या खाली किंवा २५०च्या वर असेल तर थांबा. न्यूट्रल सैल असला की ३०० च्या वरही जातो आणि स्पीकरमधला पॉवर सप्लाय काही क्षणांत बसतो.

आधीच काहीतरी घेतलंय आणि सुधारायचंय? सर्वांत आधी माइक, एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल आणि स्टँड. मग मॉनिटर, कारण गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो आणि बेसूर होतो. त्यानंतर मिक्सर. यामाहाच्या एमजी१२एक्सयूमध्ये माइकची सहा इनपुट मिळतात, ती पुरतात तोवर पुरू द्या. पुढे बेहरिंगरच्या एक्सआर१८ सारखा टॅबवर चालणारा मिक्सर घेतलात तर १६ माइक इनपुट आणि वेगवेगळे मॉनिटर मिक्स मिळतात, पण त्याच्या आतल्या वायफायवर विसंबू नका. रिकाम्या हॉलमध्ये मस्त चालतं, दोनशे मोबाइल आत आले की टॅब सुटतो. बाहेरचा ५ गिगाहर्ट्झचा राउटर मिक्सरला केबलने जोडा.

सबवूफर शेवटी, तोही ऑक्टापॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम-पॅडवर) लोक नाचणार असतील तर. भावगीत-अभंगाला नको. दोन घेतलेत तर डावा-उजवा न ठेवता शेजारी-शेजारी ठेवा, नाहीतर मधोमध धमाका आणि बाजूला पोकळी. लांबलचक गार्डनमध्ये मात्र सबऐवजी मध्यावर स्पीकरची आणखी एक जोडी लावा आणि तिला पुढच्या स्पीकरपासूनच्या अंतराच्या मीटरमागे ३ मिलिसेकंद उशीर द्या, म्हणजे दोन्हींचा आवाज एकदम पोचेल. १५ मीटरवर ४५.

'खरखर येते' असा फोन आला की मी आधी अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या मागचं माइक-लाइनचं बटण बघायला सांगतो. मिक्सरमधून आलेली वायर 'माइक'वर असते. 'लाइन' करा, नॉब मध्यावर आणा.

लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २०००च्या ध्वनी नियमांनुसार. पावणेदहाला शेवटचं गाणं घ्या. दहाला बंद करताना आधी स्पीकर, मग मिक्सर. उलट केलंत तर जो 'धप्प' होतो तो ट्विटरला (स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या नाजूक भागाला) सोसवत नाही.