हत्यार

बुधवार, खंडेनवमी, रात्री

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजचा दिवस मशिनांचा. कालच बुरा झाडून, कूलंटचे ओघळ पुसून ठेवलेल्या लेथना सकाळी झेंडूच्या माळा चढल्या, जॉब पकडणाऱ्या चकला (chuck) हळद-कुंकू लागलं. मी ख्रिस्ती आहे हे शॉपवरच्या पोरांना वीस वर्षं ठाऊक आहे. मी माझं मशिन पुसून, तेल घालून देतो, नारळ फुटायच्या वेळी मागं उभा राहतो आणि पेढा मात्र पहिला खातो. त्यावरनं आजवर कुणी वाकडा शब्द काढलेला नाही. यंदा माझा माप घ्यायचा व्हर्नियरसुद्धा पोरांनी पेटीतनं काढून पाटावर मांडला होता.

आमच्या धंद्यात हत्यार म्हणजे टूल. 'हत्याराची धार गेली', 'हत्यार सेंटरला नाही', असं दिवसातनं दहा वेळा कानावर येतं. नव्या पोराला पहिला धडा हाच, की जॉब, म्हणजे मशिनवर घडवायचा तुकडा, बिघडला तर मशिनला शिव्या द्यायच्या नाहीत, आधी हत्यार बघायचं, आणि ते कसं धरलंय ते बघायचं. पेपरात मात्र 'हत्यारासह अटक' असं छापून येतं. शब्द एकच.

हे आज दिवसभर डोक्यात फिरत राहिलं, कारण रविवारी रात्री मी माझ्या थोरल्या भावाला कापलं. बायबलनं.

झालं असं. आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. खर्चाचं विचारलं तर अण्णा नुसता "बघू" म्हणाला. हे 'बघू' मी तीन आठवडे ऐकत होतो. रविवारी रात्री जेवण झालं, मोबाईल घेऊन बसलो आणि घरच्या ग्रुपवर पहिले तीमथ्य 5:8 टाकलं. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, ते वचन. कुणाचं नाव घातलं नाही. खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं टाकली. त्या जोडलेल्या हातांची मला आता जास्त लाज वाटते.

ग्रुपवर चोवीस माणसं आहेत. मिरजेच्या आत्यानं लगेच 'आमेन' लिहिलं. तिला काही माहीत नाही, ती शास्त्रवचनाला आमेनच म्हणणार. वीस मिनिटांनी अण्णाचं उत्तर आलं: मत्तय 7:3. नुसता आकडा. आमच्या घरात तो उघडून बघायला लागत नाही. कुसळ आणि मुसळ. मग 'अण्णा यांनी ग्रुप सोडला'.

मोठा भाऊ. सगळ्या घरादारासमोर.

गुरुवार, दसरा

सुट्टी. दुपारी शेजारची पोरं आपट्याची पानं घेऊन आली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." आईनं प्रत्येकाच्या तोंडावरनं हात फिरवला, कारण तोंड नीट दिसत नाही. अण्णा दर दसऱ्याला जेवायला येतो. सण आमचा नाही, पण सगळ्यांना सुट्टी असते म्हणून लहानपणापासून पडलेला पायंडा. आज आला नाही. आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि भात उरला.

मला वचनं सापडतात पटकन. ही माझी जुनी कीर्ती आहे. शब्बाथ शाळेत शर्यत असायची: बायबल डोक्यावर धरून उभं राहायचं, बाईंनी अध्याय आणि ओवी पुकारली की शोधून पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचं. बाई म्हणायच्या, ही तुमची तलवार, उपसायला उशीर करायचा नाही. भिंतीवर पुठ्ठ्याचा रोमन शिपाई होता आणि त्याच्यावर चिकटवायचे भाग होते. सत्याचा कंबरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण. पादत्राणांची जोडी हरवलेली होती, त्यामुळं आमचा शिपाई वर्षानुवर्षं अनवाणी. पादत्राणं म्हणजे शांतीची सुवार्ता, हे मला या आठवड्यात आठवावं!

बायबलातलं ओबद्यासारखं पटकन न सापडणारं छोटं पुस्तक असलं तरी मी सगळ्यांच्या आधी पोचायचो. बक्षिसाच्या तीन पेन्सिली अजून आईच्या ट्रंकेत आहेत. तलवार उपसायची कशी हे शिकलो. कुणावर, हे बाईंनी सांगितलंही असेल, पण शर्यतीत ऐकायला कुणाला वेळ होता?

शुक्रवार, घरसभेहून आल्यावर

चर्चच्या पाळकांनी नेमका इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घेतला, त्या शिपायाच्या शस्त्रांचा. मला वाटलं, यांना कुणीतरी सांगितलं. बहुतेक नसावं.

ते म्हणाले, बाराव्या ओवीत मराठीत 'झगडणे' आहे, तिथं मूळ ग्रीक शब्द 'पाले' आहे, आणि पाले म्हणजे कुस्ती. कोल्हापुरात हे सांगितल्यावर सतरंजीवरची माणसं सरळ होऊन बसली. मीही. आमचे पप्पा तरुणपणी पेठेतल्या तालमीत उतरायचे. लाल मातीत ताक, तेल, हळद, कापूर कसं मिसळतात हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मला त्या मातीचा वास न जाताही येतो. खासबागेच्या कुस्ती-मैदानात लढायला मिळालं नाही, पण बघायला एकही कुस्ती चुकवली नाही. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, तेव्हा रोममध्ये कलोसियम बघून आले आणि त्यावरनं खासबागेची कल्पना सुचली, हे पप्पांचं आवडतं. हे पत्र लिहिणारा पौल रोमला कैदेत होता तेव्हा ते कलोसियम बांधलंही नव्हतं, हे मी त्यांना एकदा सांगितलं तर म्हणाले, "मग तुझ्या पौलानं काय बघितलं रोमात?"

तर कुस्ती. आणि पौल लगेच सांगतो की ही कुस्ती रक्तमांसाच्या माणसाशी नाही. तलवार, ढाल, सगळं नंतर येतं. जोड कोण आहे ते आधी सांगितलंय. पप्पा म्हणायचे, जोड चुकीची लागली तर जिंकलेली कुस्तीसुद्धा वस्ताद मोजत नाहीत.

दुसरं पाळकांनी सांगितलं ते मी आजवर कधी ध्यानात घेतलं नव्हतं. सहा वस्तू मोजून झाल्यावर पौल प्रार्थनेकडं येतो, पण प्रार्थनेला कुठलीच वस्तू देत नाही. ना भाला, ना धनुष्य. आपण सर्रास म्हणतो 'प्रार्थनेचं शस्त्र'. त्या अध्यायात तसं नाही. नुसतं सर्व प्रसंगी करा, जागे राहा. पाळकांनी ते तिथंच सोडलं, चहा आला. मला वाटतं ती वस्तू नसून दम असावा. पप्पांचं ठरलेलं वाक्य होतं, डाव शंभर येत असले तरी दम संपला की डाव डोक्यात राहतो आणि माणूस पाठीवर. आणि दम आखाड्यात मिळत नाही. पहाटे, कुणी बघत नसताना, जोर-बैठकांत मिळतो.

त्याच्या पुढच्याच ओवीत पौल स्वतःसाठी प्रार्थना करा म्हणतो. हातात बेड्या आहेत. सुटका मागत नाही. मी तोंड उघडेन तेव्हा मला शब्द मिळावेत, एवढंच मागतो.

शनिवार

आईला आता वाचता येत नाही, म्हणून रात्री मी वाचून दाखवतो. तिचं एक्क्याण्णवावं स्तोत्र ठरलेलं. खरं तर तिला ते तोंडपाठ आहे. मी वाचतो आणि ती माझ्या अर्धा शब्द पुढं असते. आज 'परात्पराच्या गुप्त स्थली' म्हणताना मी जांभई दिली तर म्हणाली, "परत वाच."

परत वाचताना एक गोष्ट खुपली. हेच स्तोत्र सैतानालाही पाठ होतं. मंदिराच्या कड्यावर नेऊन त्यानं येशूला याच अकराव्या-बाराव्या ओव्या ऐकवल्या, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून. ओवीतला 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढा तुकडा गाळला. म्हणजे नेमकं वचन, नेमक्या वेळी, हवं तेवढंच कापून. मी रविवारी दुसरं काय केलं?

येशूनं उत्तरं दिली ती तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, प्रत्येकी एक ओळ. त्याच्या वादात भाषण नाही. पण मला आज जास्त लागलं ते वेगळंच. 'मनुष्य केवळ भाकरीने जगेल असे नाही' हे त्यानं स्वतः चाळीस दिवसांचा उपाशी असताना स्वतःच्या भुकेवर चालवलं. पुढं पाच हजार माणसं भुकेली समोर बसली, तेव्हा त्यांना ही ओवी ऐकवली नाही. भाकरी दिली.

अण्णाच्या गाळ्याचं भाडं चार महिने थकलंय. हे मला वहिनीनं सप्टेंबरातच सांगितलं होतं. वचन टाकताना मला माहीत होतं.

झोप येईना म्हणून गेथशेमाने वाचलं, येशूला धरलं त्या बागेतली रात्र. त्याचा शिष्य पेत्र तीनदा झोपला, तासभर जागा राहा म्हटलं होतं तरी. मग मशाली आल्या आणि हाच माणूस पहिल्यांदा तलवार उपसतो. तलवारबाजी येत नसणार, कोळी होता. नेम डोक्याचा असेल, गेला कान. प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्ख त्याचं नाव. ते एकट्या योहानानं लिहून ठेवलंय. कान बरा केल्याचं एकट्या लूकनं. आणि पाळकांना फोन करून विचारलं (रात्री दहाला, त्यांनी बिचाऱ्यांनी उचलला), पेत्राच्या तलवारीचा आणि पौलाच्या 'आत्म्याच्या तलवारी'चा ग्रीक शब्द एकच, 'माखायरा'. आखूड पात्याची, जवळून चालवायची.

रविवारी रात्री मोबाईल उचलायच्या आधी मी किती प्रार्थना केली होती? जेवणाआधीची. तीही अर्धी, कारण आमटी गार होत होती.

रविवार

पहाटे पाचला आई उठते. स्वयंपाकघरात पाट घेते, पदर डोक्यावर, आणि ओठ हलतात. इतकी वर्षं मी ते आंथरुणातनं नुसतं ऐकलंय. आज उठून चहा ठेवला आणि ती थांबल्यावर विचारलं, "अण्णासाठी मागत होतीस?"

"त्याच्यासाठी मागून झालं. भाडं त्यानं मला सांगितलंय."

"मग?"

"तुझ्यासाठी. तुझ्या जिभेसाठी." आणि कप चाचपत म्हणाली, "आत्यानं मला वाचून दाखवलं फोनवर. साखर घातलीस का?"

उपासनेहून आल्यावर मी अण्णाला फोन लावला. मनात दोन ओव्या तयार होत्या, क्षमेच्या, एक कलस्सैकरांतली. त्या गिळल्या. म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. भाड्याचं मला माहीत होतं आणि तरी टाकलं."

पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "आकडा टाकताना मला पण लई मजा आली, खोटं कशाला बोलू." आणि मग, "डॉक्टरनं किती वाजता बोलावलंय?"

"बुधवारी साडेसात."

"गाडी मी घेऊन येतो. पैशाचं आत्ता जमणार नाही, दिवाळीनंतर निम्मं देतो. आणि मला त्या ग्रुपात परत घेऊ नको, तिथं शास्त्री फार झालेत."

वहिनी मागनं काहीतरी म्हणाली, तो हसला.

डोळ्यांचे ड्रॉप्स आजपासून दिवसातनं चारदा घालायचेत. आईला बाटल्या ओळखू येत नाहीत, म्हणून एकीला रबर बांधलंय. दुपारचा डोस अर्धा तास चुकला.