ओठातल्या निळ्या गाठीचं नाव कळेपर्यंत

मागच्या वर्षी चवथीच्या आधी नेवऱ्या करायला बसले होते आणि खालच्या ओठाच्या आत डाव्या बाजूला दाताला काहीतरी लागतंय असं वाटलं. आरशात बघितलं तर वाटाण्याएवढी गाठ, रंग पिकलेल्या करवंदासारखा. दुखत अजिबात नव्हती. सासूबाई म्हणाल्या, बाय, उष्णतेचं असेल, सोलकढी पी, बसेल. चवथ गेली, दिवाळी पण गेली, गाठ तिथेच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. तुळशीपुढचं अंगण वाकून झाडलं की गाठ टम्म व्हायची आणि सरळ उभी राहिले की पाच-दहा मिनिटांत परत लहान. हे मी कुणाला सांगितलंच नाही, मला वाटलं ह्यात काय सांगायचं. पुढे कळलं की सगळ्यात कामाची माहिती तीच होती.

आधी जवळच्याच एका क्लिनिकमध्ये दाखवलं. त्यांनी बघताक्षणी म्यूकोसील म्हटलं, म्हणजे लाळेची पिशवी, सुई घालून पाणी काढलं की संपलं. सुई घातली आणि पाणी नाही, काळपट रक्त आलं, आणि थांबेचना. वीस मिनिटं मी गॉज दाबून बसले होते. मग ते म्हणाले हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ असणार, पुढच्या आठवड्यात या, कापून टाकू. आमचे हे बाहेर उभे होते, त्यांनी हात धरून मला घरी आणलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेजारच्या एकींनी तर थेट कॅन्सरच काढला, मी जन्मात तंबाखू खाल्ली नाही तरी.

मग डिचोलीहून पणजी, तिथून बांबोळी, कदंबाच्या दोन बसेस बदलून डेंटल कॉलेजला गेले. केसपेपर काढून नंबर येईपर्यंत साडेअकरा वाजले. आत एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिने तोंडात बघायच्या आधी इतके प्रश्न विचारले की मला आश्चर्य वाटलं. लहानपणापासून आहे का, वाकल्यावर फुगते का, ठोके जाणवतात का, कधी मार लागला होता का. वाकल्यावर फुगते म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि सरांना बोलावलं.

सरांनी काय केलं तर एक साधी काचेची स्लाइड, मायक्रोस्कोपची असते ना तीच, ती गाठीवर अलगद दाबली आणि मला हातात आरसा दिला. गाठीचा निळा रंग कडेने पळाला, सगळं फिकं पडलं, पण मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका तसाच राहिला, कितीही दाबलं तरी. ते म्हणाले, नसेतलं रक्त दाबल्यावर बाजूला सरकतं म्हणून रंग जातो, जे सरकत नाही तिथे गुठळी धरली असणार. मग बोट ठेवून ठोके बघितले. ठोके लागले असते तर शिरेचा आणि धमनीचा थेट जोड असण्याची शंका, आणि तशी गाठ कुणी नुसती कापायला घेतली तर रक्त आवरणं कठीण. हे ऐकताना मला ती सुई आठवली आणि पोटात गोळा आला.

हेमँजिओमा शब्दावरही ते थांबले. म्हणाले मोठ्या माणसाच्या तोंडातल्या प्रत्येक निळ्या गाठीला सर्रास हेमँजिओमा लिहितात, पण 1982 साली मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी ह्याचे दोन वेगळे गट पाडले, एक खरा हेमँजिओमा, जो तान्ह्या बाळात भराभर वाढतो आणि पुढे हळूहळू आपोआप विरतो, आणि दुसरं मालफॉर्मेशन, म्हणजे नसच जन्मतः वेडीवाकडी घडलेली, ती विरत नाही. नाव चुकलं की उपचार चुकतो, कारण एकाला औषध, दुसऱ्याला स्क्लेरोथेरपी, म्हणजे सुईने औषध सोडून नस बंद करणं, तिसऱ्याला ऑपरेशन. माझ्यासारखीने हे समजून घ्यावं म्हणून त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

बाजूलाच जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कलर डॉपलर झालं, रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. जेल लावून ओठावर प्रोब फिरवला, जोरात धमनीचा प्रवाह कुठेच नाही, मधे घट्ट भाग. जीभेत किंवा गालात खोल असती तर एमआरआय लागला असता, माझी वरवरची आणि लहान म्हणून गरज नाही म्हणाले. रक्त गोठण्याच्या तपासण्या करून मग तेवढ्याच भागाला भूल देऊन आजूबाजूच्या नसा बांधून पूर्ण गाठ एकत्र काढली, चार टाके. डॉक्टर बाई सारखी म्हणत होती, भियेनाका, आणि खरंच मला भीती वाटली नाही.

भीती नंतर वाटली. पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं की नसेच्या आत पेशींची पॅपिलरी, म्हणजे बोटांसारखी वाढ दिसते, अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर नाही ना ह्याची खात्री करायला अजून स्टेन, म्हणजे पेशी रंगवून करायच्या तपासण्या लागतील. तो शब्द मी मोबाइलवर शोधला, शोधायला नको होता. ते दिवस मी देवापुढे बसून काढले, घरात कुणाशी धड बोलले नाही.

शेवटचा रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला चक्क मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. गोल नस, तिची भिंत स्पष्ट, आणि आत गुठळीतून उगवलेली बारीक बारीक बोटं, प्रत्येकावर पेशींचा एकच थर. मॅडम म्हणाल्या, बघा, एकही बोट भिंत ओलांडून बाहेर गेलेलं नाही, कॅन्सर असता तर तो भिंत फोडून आजूबाजूला शिरला असता. ह्याला मासोन ट्यूमर म्हणतात, 1923 साली मासोन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं, त्यांना तो खरा ट्यूमर वाटला होता, आता मानतात की गुठळी भरून येताना नस अशी वाढते. पूर्ण निघाली की सहसा परत येत नाही, मात्र मूळ नसच वेडीवाकडी असली तर लक्ष ठेवायचं. मी त्या खुर्चीवर बसून रडले. मॅडमनी पाणी दिलं.

तुमच्यापैकी कुणाच्या तोंडात अशी निळी गाठ असेल तर वाकल्यावर फुगते का ते बघून डॉक्टरांना आठवणीने सांगा, आणि काचेने दाबून बघितल्याशिवाय, डॉपलर झाल्याशिवाय सुई घालू देऊ नका. काढलेली गाठ फेकू न देता तपासायला पाठवली का तेही विचारा.

परवा सहा महिन्यांचं दाखवून आले. ओठाच्या आत एक बारीक पांढरी रेघ आहे, जीभ लावली तर कळते. अंगण वाकून झाडते, काही फुगत नाही. पुढची तारीख एक वर्षाने दिलीय.