आमची अंगोरा

दिवसभर भुरभुर पाऊस, आणि आमची तुर्की अंगोरा मांजर घरभर सुसाट! ओट्यावरून फ्रिजवर, तिथून थेट कपाटावर. लांब केसांचं मांजर म्हणजे सुस्त, असं लोक धरूनच चालतात. पर्शियनचं ठीक, पण तुर्कस्तानातल्या अंकाराची ही जात सडपातळ आणि भलतीच चपळ. केसांखाली दाट लोकरीचा थर नसल्यानं गुंताही फारसा होत नाही. तरी कानामागे, काखेत चाचपावंच लागतं. आज तिथे गाठ लागली. टोकाकडून कंगव्यानं हळूहळू सोडवली. एक डोळा निळा, एक पिवळसर. पांढऱ्या मांजरांत निळ्या डोळ्याकडचा कान कधीकधी बहिरा असतो, म्हणून मी नेहमी समोरूनच हात लावते. शेपटी आपटत राहिली, पण नख नाही काढलं. फार गुणी आहे हो! कोथरूडकरांनो, मांजर आणायच्या आधी बाल्कनीला जाळी लावून घ्याच.