अर्धा किलो संकेश्वरी

श्टुटगार्टमधल्या माझ्या स्वयंपाकघरातली कांदा-लसूण मसाल्याची बरणी यंदा जानेवारीतच तळाला लागली. एरवी ती एप्रिलपर्यंत पुरते. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "पाठवायचं काय घेऊन बसलीस, तूच ये. मी आता एकटी मार्केट यार्डला जात नाही. आणि मिरची कशी बघायची ते एकदा तुझ्या हातालाही कळू दे." आई एकाहत्तर वर्षांची आहे. मी त्याच आठवड्यात मार्चचं तिकीट काढलं.

मला तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. जर्मनीत मिरची मिळत नाही असं अजिबात नाही. आमच्या गल्लीतल्या तुर्की दुकानात पुल बिबेर असते, जाडसर कुटलेली, तेल आणि मीठ लावलेली. उर्फा भागातली इसोत मिळते. ती दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री झाकून तिला घाम आणतात, म्हणून ती काळपट जांभळी होते. हंगेरीची पाप्रिका तर प्रत्येक दुकानात. श्टुटगार्टची मार्कटहाले ही १९१४ सालची बाजाराची इमारत, तिथे मसाल्यांचे गाळे आहेत आणि एकेका गाळ्यावर दहा-बारा तऱ्हांच्या मिरच्या मांडलेल्या असतात. मी त्यातल्या बहुतेक आणून पाहिल्या. इसोत आमटीत घातली की आमटीला मनुकांसारखा वास येतो. पाप्रिकेने रंग येतो, पण ती गोडसर असते आणि फोडणीत पटकन करपते. थाई दुकानातली चिमुकली मिरची नुसतीच जाळते. भारतीय दुकानात 'काश्मिरी' लिहिलेली पाकिटं असतात, ती मी अडीअडचणीला वापरते. एकदा एका ऑनलाइन दुकानातून ब्याडगी म्हणून अख्ख्या मिरच्या मागवल्या. पाकीट उघडलं तर साल गुळगुळीत आणि चकचकीत. ब्याडगीच्या अंगावर सुरकुत्या असतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. ती मिरची कुठलीही असेल, ब्याडगी नव्हती.

ही नड फक्त माझी नाही, हे मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे कळलं. ती मेक्सिकोतल्या पुएब्लाची. त्यांच्याकडे ओल्या मिरचीचं नाव एक आणि वाळल्यावर दुसरंच. पोब्लानो वाळली की तिला आंचो म्हणायचं, मिरासोल वाळली की ग्वाहियो, हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. त्यांच्या मोले पोब्लानो या घट्ट रश्श्याला आंचो, मुलातो आणि पासिया अशा तीन वाळक्या मिरच्या लागतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. ती हे सांगत होती तेव्हा मला आईचं ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी आठवत होतं. रंगाला एक, चवीला एक, तिखटाला एक. तिने मला मूठभर ग्वाहियो दिल्या. भिजवून वाटल्यावर रंग ब्याडगीच्या इतका जवळ गेला की मी थबकले. साल मात्र जाड, वाटण गाळून घ्यावं लागलं. वास चहाच्या पत्तीसारखा, थोडा फळासारखा. तिखट जेमतेम.

तसं पाहिलं तर मिरची मूळची तिच्याच मुलखातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच आलेलं.

पुण्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. कोथरूडहून आनंदनगर स्टेशनला मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली. वरच्या फलाटावरून जिने उतरत उतरत जमिनीखाली सुमारे तेहेतीस मीटर जायचं आणि तिथून मंडईची गाडी. आई पिशव्यांची घडी काखेत धरून माझ्या पुढे चालत होती.

आईची पद्धत अशी, की भाव आणि माल मंडईत बघायचा आणि खरेदी यार्डात करायची. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. आजूबाजूच्या दुकानांत या दिवसांत वाळक्या मिरचीचे ढीग लागतात. आईने तीन दुकानांत भाव विचारले, एकाही ठिकाणी पिशवी उघडली नाही, आणि आम्ही पुन्हा भुयारात उतरून एका स्टेशनावर स्वारगेटला गेलो. तिथून रिक्षाने गुलटेकडीचं मार्केट यार्ड.

मार्केट यार्डच्या भुसार विभागात शिरल्याबरोबर मला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. दुकानाच्या पायरीवर पोती तोंड उघडून ठेवलेली, काळपट लालपासून केशरी लालपर्यंत. आईचा नेहमीचा दुकानदार तिला पाहून म्हणाला, "काकू, यंदा उशीर केलात."

"लेकीची वाट बघत होते," आई म्हणाली आणि थेट पहिल्या पोत्याशी वाकली.

पुढची वीस मिनिटं मला जशीच्या तशी लक्षात ठेवायची आहेत, म्हणून सावकाश लिहिते. तिने वरची मिरची घेतली नाही. कोपरापर्यंत हात आत घातला आणि मधली मूठ बाहेर काढली. वरचा माल कोरडाच असतो, ओल असली तर ती पोटात असते. मग एक मिरची कानाजवळ धरून हलवली. आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मग मधोमध मोडली. "कट्" असा आवाज आला तर ती वाळलेली. नुसतीच वाकली तर दमट, म्हणजे वजनाला पाणी मारलेलं असू शकतं आणि घरी नेल्यावर बुरशी धरणार. मोडलेला तुकडा उघडून तिने मला दाखवला. बी पिवळसर हवं, काळं पडलेलं नको. बी ज्याला चिकटलेलं असतं तो फिकट पापुद्रा आतून स्वच्छ हवा. शेवटी साल अंगठ्याने चोळून वास घेतला आणि तीच मिरची माझ्या नाकाशी धरली. ब्याडगीचा वास तिखट नसतोच. ऊन लागलेल्या गोडसर मातीसारखा काहीसा असतो.

"आता तू," ती म्हणाली.

मी चार पोत्यांत हात घातला. तिसऱ्या पोत्यातली मिरची मोडताना आवाज आला नाही. आईने काही न बोलता मान हलवली.

ब्याडगी म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव. आपल्याकडे पाट्यांवर बेडगी लिहितात. २०११ पासून या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी बुटकी, फुगीर, जास्त रंगाची. कड्डी लांब आणि सडपातळ. तिच्यातला रंग काढून तो खाद्यपदार्थांत आणि लिपस्टिकमध्ये वापरतात, इतका तो दाट असतो. आम्ही एक किलो कड्डी घेतली आणि माझ्या मेक्सिकन मैत्रिणीसाठी पाव किलो डब्बी.

लवंगी पटकन मिळाली, पाव किलो. अडलं ते संकेश्वरीवर. समोरच्या पोत्यावर 'संकेश्वरी' अशी चिठ्ठी होती, मिरची लांब होती, लालही होती. आईने एक उचलली, परत ठेवली. "ही जवारी नाही." जवारी म्हणजे मूळचं गावठी वाण.

दुकानदाराने ते लगेच मान्य केलं, याचं मला फार बरं वाटलं. "नाही काकू. सगळे हीच नेतात, संकेश्वरी म्हणूनच जाते. जवारी येते कुठे आता."

संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात. पण ही मिरची पिकते ती सीमेच्या अलीकडेही, गडहिंग्लज, आजरा भागात, आणि तिचे सौदे गडहिंग्लजच्या बाजार समितीत निघतात. बोटापेक्षा लांब, बारीक, सालीला सुरकुती. तिखट असते आणि रंगही देते, या दोन गोष्टी एका मिरचीत सहसा सापडत नाहीत. पण उतारा कमी, रोगाला पटकन बळी पडते, म्हणून शेतकरी संकरित वाणांकडे वळले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. वर्षाचं पीक हातचं गेल्यावर काय होतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. तरीही ही चव आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं आजोळ कराडचं. आजीच्या मसाल्यात ब्याडगी नव्हतीच, सगळी संकेश्वरी असायची.

दुकानदार आत गेला आणि एक छोटं पोतं घेऊन आला. "घरच्यासाठी ठेवलीय. अर्धा किलो देतो, जास्त नाही." भाव ब्याडगीच्या दुपटीहून वर. आईने घासाघीस केली नाही. मोडून पाहिली, वास घेतला आणि डोळे मिटले. वजन करता करता तो मला म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत या. पहिल्या-दुसऱ्या तोड्याचा माल बघायला मिळेल. शेवटच्या तोड्याची मिरची बारकी पडते, रंगही उतरतो. आणि पावसाळ्यानंतर आलात तर कोल्ड स्टोरेजमधला माल."

दोन दिवस गच्चीवर जुन्या साडीवर मिरच्या पसरल्या होत्या. संध्याकाळी देठं काढायला बसायचो. आईने आधी दोघींच्या हातांना खोबरेल चोळायला लावलं. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हात नुसते धुऊन आग थांबत नाही ती म्हणूनच. आणि ते तिखट बियांत असतं असं आपण म्हणतो, पण खरं ते त्या फिकट पापुद्र्यात असतं, बियांना तिथून लागतं. आपल्या शरीरात उष्णता जिथे ओळखली जाते तिथेच हे तिखट जाऊन बसतं, म्हणून जिभेला भाजल्यासारखं वाटतं. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पापुद्रा झटकला की लवंगीसुद्धा सौम्य होईल की." आणि तिने खरोखरच दोन मिरच्या सोलून चाखून पाहिल्या.

भाजणं आईच्या हातचं. मिरची मंद आचेवर, तेलाचा हात लावून, फक्त कडक होईपर्यंत. सुकं खोबरं, धणे, तीळ, उन्हात वाळवून तळलेला कांदा, लसूण, दगडफूल, नाकेश्वर, जावित्री, हळकुंड, खडा हिंग. याचं प्रमाण ती वहीत बघत नाही, मी मात्र या वेळी प्रत्येक जिन्नस वजन करून लिहून घेतला.

डंकावर आम्ही सकाळी साडेआठला गेलो तरी आमच्या आधी चार डबे होते. मसाला दळायची गिरणी जवळच होती, पण दळताना तिखट तापतं आणि वास उडतो, असं आई मानते, आणि मला दोन्ही चाखल्यावर तेच पटलं आहे. डंकात लोखंडी मुसळं रांगेने वर उचलली जातात आणि उखळात आपटतात, धडधडधड. जमीन पायाखाली हलत असते. डंक चालवणाऱ्या ताई तोंडाला ओढणी बांधून, मुसळ वर जाईल तेवढ्या क्षणात उखळात हात घालून मिरची सारखी करत होत्या. मी त्यांच्या हाताकडे बघू शकले नाही. खकाणा इतका, की बाहेरच्या बाकावरच्या बायकाही पदर नाकाला लावून बसल्या होत्या. एकदा कुटून चाळलं, वरचं रवाळ पुन्हा उखळात, पुन्हा चाळलं. शेवटी तेलकट, गडद लाल मसाला डब्यात पडला, गरमच होता.

२००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान-१ हा मेण, बुटांचं पॉलिश वगैरेंत वापरायचा रंग सापडला, आणि तेव्हापासून तिकडे आयात तिखटाला तपासणीचा दाखला लागू लागला. आई तयार तिखटाचं पाकीट कधीच घेत नाही. तिला सुदान वगैरे काही माहीत नाही, "मोडून न बघितलेली मिरची घरात नको" एवढंच तिचं म्हणणं.

बांधाबांध करताना पाव किलो ओल्या हिरव्या मिरच्या मी पिशवीतून परत काढून ठेवल्या. डिसेंबर २०१९ पासून युरोपात ताज्या भाज्या आणि पेरायचं बी दाखल्याशिवाय नेता येत नाही. संकेश्वरीचं चिमूटभर बी नेऊन खिडकीत लावावं असं फार मनात होतं, तेही राहिलं. मसाला तीन पिशव्यांत बांधला, प्रत्येक पिशवीत एक हिंगाचा खडा. आईने कागदाच्या पट्टीवर महिना आणि वर्ष लिहून दोऱ्याने बांधलं.

पुढच्या वर्षीची रजा मी फेब्रुवारीत टाकली आहे.

श्टुटगार्टला परतल्यावर सोमवारी मैत्रिणीला डब्बी दिली. तिने पुडी तिथेच टेबलावर सोडली, तळातली एक मिरची काढली, कानाशी नेऊन हलवली, मधोमध मोडली आणि सालीचा वास घेतला. मग विचारलं, "कितव्या तोड्याची?"

"दुसऱ्या असावी," मी म्हटलं. "बी बघ."