कैसरक्रोनेचा खडक

शनिवार, रात्री उशिरा. ड्रेस्डेन.

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळच्या लोकलने शोना गावाला उतरले आणि कैसरक्रोने ही टेकडी चढले. तशी लहानच, माथ्यावर वालुकाश्माचे फुटके कडे. त्यातल्याच एका खडकावर जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रिडरिशने १८१८च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध चित्रातला तो पाठमोरा प्रवासी उभा केला, समोर धुक्याचा समुद्र. मूळ चित्र हाम्बुर्गला आहे. कोकणकड्यावर आपण सगळे तसाच फोटो काढतो, ढगांकडे तोंड करून. माझाही आहे. इतकी वर्षं मला ते चित्र शिखर जिंकलेल्या माणसाचं वाटायचं.

आज खडकासमोर पेन्सिल घेऊन बसले आणि ते वाटणं गेलं. १८१३मध्ये ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच सैन्य होतं, तेव्हा फ्रिडरिश इथे जवळच क्रिपेन गावात येऊन राहिला होता. त्याच दिवसांत त्याने हा खडक रेखाटला. नुसती पेन्सिल. धुकं नाही, माणूस नाही. अशा रेखाटनांवर तो तारीख घालायचा, क्षितिजाची पातळी नोंदवायचा. चित्र पुढे काही वर्षांनी, खोलीत बसून जुळवलेलं: खडक इथला, मागचे डोंगर कुठले कुठले. म्हणजे त्या प्रवाशाच्या आधी चित्रकार स्वतः इथे मान खाली घालून, एकेक भेग बघत बसला होता.

दीड तासात माझी जेमतेम डावी कड झाली. भेग मी सवयीने उभी ओढली; नीट पाहिलं तर ती थराथराने अडखळत, तिरकी उतरत होती. तीनदा खोडली. कागद मऊ पडला.

फ्रिडरिश तेरा वर्षांचा असताना, १७८७मध्ये, त्याचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला; बर्फ फुटून, असं सांगतात. आणि १८२०-२१च्या हिवाळ्यात हाच माणूस एल्बे नदीवर साचलेल्या बर्फाच्या लाद्यांचा अभ्यास करत होता. एकेका लादीची धार, तिचा रंग. हे त्याला कसं जमलं असेल, या विचाराने परतीच्या गाडीत मला वही उघडवेना. आपण निसर्गावर प्रेम करतो म्हणतो, ते बहुतेक त्याने आपल्याला काही केलेलं नसतं तोवरच.

घरी येऊन पाहिलं, तर क्षितिजाची रेघ घालायची राहूनच गेली. इथे बसून अंदाजाने ती घालवत नाही. पुढच्या शनिवारी पहिल्या गाडीने जाईन.