आडवी आधी, उभी नंतर

मी चिनी भाषा शिकले आहे हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: अक्षर शेवटी दिसायला तेच असेल, तर त्यातल्या रेघा अमुक क्रमानेच काढण्याचा आग्रह कशासाठी, आणि तोही सगळे मोबाइलवर लिहीत असताना? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगते.

फेंगशुईतला ‘शुई’ आपल्या कानावरचा आहे. त्याचा अर्थ पाणी, आणि त्याचे अक्षर चार रेघांचे. मधली उभी रेघ, जी तळाशी डावीकडे आकडा घेते, ती आधी काढायची, मग डावी बाजू आणि शेवटी उजवीकडच्या दोन रेघा. मी मात्र पाटीवरच्या सवयीने डावीकडून सुरुवात करत असे. सरावाच्या वहीतल्या प्रत्येक चौकोनात मधोमध एक आडवी आणि एक उभी तुटक रेघ छापलेली असते; त्या चौकोनात माझे पाणी दर वेळी उजवीकडे सरकलेले असायचे. एके दिवशी बाईंनी माझ्या हातातले पेन घेतले, उभ्या तुटक रेघेवर फक्त ती मधली रेघ काढली आणि वही परत दिली. उरलेल्या तीन रेघांची जागा मग मला शोधावीच लागली नाही.

बाकीचे नियम थोडके आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. ‘ग्वो’ म्हणजे देश; त्याच्या अक्षरात चौकटीच्या आत जेड रत्नाचे अक्षर असते, आणि चौकटीची तळरेघ सगळ्यात शेवटी काढतात. आधी घरात शिरा, मग दार लावा, असे चिनी शिक्षक मुलांना सांगतात.

या क्रमाचे खरे मोल मला दुसऱ्यांचे हस्ताक्षर वाचताना कळले. ‘थांग’ म्हणजे सूप; त्याच्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात. तिसरा थेंब खालून वर, उजवीकडे उडवायचा असतो, कारण हात पुढच्या भागाकडे निघालेला असतो. खाणावळीच्या फळ्यावर घाईने लिहिताना खालचे दोन थेंब जोडले जातात आणि उरतो एक ठिपका व त्याखाली उतरून वर उसळणारी एक रेघ. क्रम हातात मुरलेला नसेल तर त्या फटकाऱ्यात पाणी दिसतच नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. लेखणी न उचलता धावलेल्या ओळीतले अक्षर उलगडते ते हात कुठून आला आणि कुठे गेला यावरून.

क्रम सर्वत्र एकच आहे, असे मात्र नाही. राजाचे अक्षर, म्हणजे तीन आडव्या आणि एक उभी, चीनमध्ये दोन आडव्यांनंतर उभी घेते, तर जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच. चीनने 1997 मध्ये 7,000 अक्षरांचे क्रम ठरवून दिले आणि 1 मार्च 2021 पासून 8,105 अक्षरांचा नवा नियम लागू केला. माझ्या मते कोणताही एक प्रघात निवडावा आणि तो सोडू नये, कारण दोन क्रमांची सरमिसळ झाली की हात अडखळतो.

राहिला मोबाइल. बहुतेक चिनी लोक रोमन अक्षरांतून उच्चार लिहून अक्षर निवडतात हे खरे. पण ज्यांना ती सवय नाही त्यांच्यासाठी रेघांची पद्धत आहे. तिच्यात आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी आणि वळणारी अशा पाचच कळा असतात. आपल्या अधिकचिन्हासारखे दिसणारे दहाचे अक्षर हवे असेल, तर आधी आडवीची कळ दाबायची, मग उभीची. उलट दाबल्यास दहा येत नाही. उभ्या रेघेने सुरू होणारी अक्षरे येऊ लागतात, जसे ‘शांग’, म्हणजे ‘वर’.