वीतभर पडण्यासाठी पाऊण तास रांगेत

रात्रभराचा बसप्रवास, मोडलेली पाठ आणि पत्ता शोधण्यात गेलेली सकाळ, याबद्दल पुन्हा कधीतरी. गेले होते ते आठ-नऊ कलाकारांनी मिळून ‘पडणं’ या एकाच अनुभवावर भरवलेल्या प्रदर्शनाला.

पहिली दोन दालनं भराभर उरकली. उलटी घरं, छताला टांगलेल्या खुर्च्या. देखणं होतं, पण पोटात काही हललं नाही. एका फलकावर फ्रेंच कलाकार ईव्ह क्लाइनच्या १९६०च्या छायाचित्राची गोष्ट होती: कोट घातलेला माणूस उंचावरून थेट रस्त्यावर झेपावतोय. खाली मित्र ताडपत्री धरून उभे होते. नंतर त्यांच्या जागी मोकळ्या रस्त्याचा फोटो जोडला. हे वाचून मला उगाचच हायसं वाटलं. शेजारच्या फलकावर डच कलाकार बास यान आडर. हा १९७० साली स्वतःच्या घराच्या छपरावरून खुर्चीसकट गडगडला आणि ते चित्रितही केलं. लोक मात्र त्या फलकांपुढे पाठ करून सेल्फी काढत होते.

तिसऱ्या दालनाबाहेर पाऊण तासाची रांग. आत मिट्ट काळोख आणि एक लाकडी फळी. “ताई, चपला काढा, गुडघे सैल ठेवा,” दारातली मुलगी म्हणाली. कधी पडणार ते सांगेना. पायाला लाकडाचा गारवा लागत होता, मागे कुणीतरी खोकलं, आणि खट्!

फळी फक्त २० सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे जेमतेम सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात पोटातलं सगळं वर आलं, दोन्ही हात आपोआप फाकले आणि मी चक्क “आई गं!” म्हणून ओरडले. कानाच्या आतल्या बारीक खड्यांच्या भारावर आपल्याला वर-खाली कळतं. आधार सुटला की तो भारच नाहीसा होतो, असं बाहेर लिहिलं होतं. मला त्या क्षणी आठवला तो गेल्या वर्षी जिन्यात चुकलेला शेवटचा पाय. घरी मी ‘जरा घसरले’ एवढंच सांगितलं होतं. खरं तर त्यानंतर कित्येक रात्री डोळा लागताच दचकून जागी व्हायचे. आपल्याकडे स्वप्नंसुद्धा ‘पडतात’, त्याला काय करणार!

बाहेर आले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. दुसऱ्यांदा मात्र काहीच झालं नाही. गुडघे आधीच तयारीत होते. दारातल्या मुलीने विचारलं, “कसं वाटलं?” मी म्हटलं, “पहिल्यांदाचं परत मिळेल का?” ती हसली आणि माझ्या चपला पुढे सरकवल्या.